गोमर बेननच्या घरचा टब

मी बोलतोय. इकडे, दाराच्या डाव्या हाताला, लाल दोरीच्या आत. हो, टबच आहे मी, पत्र्याचा. तुम्ही चहाच्या खिडकीकडे निघाला होता, ठाऊक आहे मला. सगळे आधी तिकडेच जातात. पण दोन घटका थांबा. या कामगार-हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला गोमर बेननची गोष्ट पाठ आहे. ती खोटी आहे, एवढंच सांगायचंय. मला तोंड आहे, चांगलं ऐसपैस आहे, पण त्यात लोकांनी आजवर पाणीच ओतलं. शब्द कुणी मागितला नाही.

माझा जन्म मर्थर गावच्या बाजारामागे एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो सकाळी शुद्धीत ठोके घालायचा आणि दुपारनंतर नशेत. माझी उजवी बाजू दुपारनंतरची आहे, म्हणून मी अजून थोडा कलून बसतो.

टेगवेनच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिलं. त्या वर्षी कुमहेलिगच्या खोऱ्यात लग्न झालेल्या बाकीच्या मुलींना शेकोटीवरच्या फळीसाठी चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी मिळाली होती. मला बघून टेगवेनचा चेहरा पडला.

"कुत्री पुढच्या वर्षी घे," आई म्हणाली. "खाणवाल्याशी लग्न करतेयस. कुत्र्यांत बसवून अंघोळ घालणार आहेस का त्याला?"

तर अशी माझी वरात गोमर बेननच्या घरी आली. मागच्या भिंतीवर एक खिळा ठोकला गेला आणि दिवसभर मी त्यावर टांगलेला. संध्याकाळ झाली की चुलीपुढे.

गोमर कोळसा फोडायचा. त्याचा धाकटा भाऊ हॉपकिन त्याच खाणीत आणि त्याच घरात. दोघे दारात उभे राहिले की कोण कुठला ते आवाजावरूनच ओळखायचं, कारण दात आणि डोळे सोडले तर पांढरं काही नसे. आधी गोमर बसायचा, मग त्याच पाण्यात हॉपकिन. हॉपकिन म्हणायचा, "वहिनी, भावाने कोळसा ठेवलाय माझ्यासाठी, पाणी संपलं वाटतं." टेगवेन हसायची. तेव्हा ती हसायची.

शेजारची बोपा मार्गेड नेमकी त्याच वेळी साखर मागायला यायची. बोपा म्हणजे गल्लीची मावशी. रक्ताची कुणाचीच मावशी नाही आणि तरी सगळ्यांची. तिने गल्लीतले दहा नवरे अंघोळीला बसलेले पाहिले असतील. कुणी अंग चोरायचं नाही, कुणी मान वळवायची नाही. "गोमर, बाळा, गुडघा आवर, पेला घ्यायचाय मला," असं म्हणून ती माझ्यावरून हात पुढे घालायची.

पाठ मात्र कुणी धूत नसे. पाठ धुतली की कणा मऊ पडतो आणि माणूस खाणीत वाकला की उठत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. टेगवेन कोरड्या फडक्याने वरवरची धूळ काढायची, बस्स. खोऱ्यातला प्रत्येक बाप्या छातीने गोरा आणि पाठीने काळा होता. मला हसू यायचं. पण माणसांच्या खुळांना हसू नये. त्यातलं एखादं खूळ जीव घेतं.

आता पाण्याचं ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नळ गल्लीच्या टोकाला, सगळ्या रांगेत एकच. चुलीवर बादल्या तापायच्या. कढत पाणी आधी माझ्यात ओतायचं, कारण चुलीवर लगेच जेवणाचं भांडं चढायचं असायचं. मग गल्लीतून थंड पाणी आणून त्यात विसण घालायचं. कढत आधी, विसण मागून. घरोघरी हीच रीत होती.

त्या बादल्या उचलता उचलता टेगवेनचं पहिलं पोटातलं गेलं. चुलीपुढेच गेलं. ती दोन दिवस निजून होती, तेव्हा बोपा मार्गेडने माझ्यात पाणी भरलं. भावांना अंघोळ चुकली नाही.

पुढे सरकारने कायदा केला. खाणीतल्या दर तीन माणसांतल्या दोघांनी होकार दिला, तर मालकाने खाणीच्या तोंडावरच न्हाणीघर बांधायचं. तिथेच गरम पाणी, तिथेच कोरडे कपडे. माणूस सकाळी जसा गेला तसा घरी येणार. कामगारांना आठवड्याला चार-दोन पेनी भराव्या लागणार होत्या, पण बायकांनी त्या आपल्या चहातून काढल्या असत्या. बायकांना मात्र मत नव्हतं.

गोमरला बोलायचा नाद होता. चॅपलमध्ये प्रार्थना सांगायचा तेव्हा म्हाताऱ्या रडायच्या. संघटनेच्या सभेत तो उठला की मागचे लोक विड्या विझवायचे. आणि सगळी भाषणं तो माझ्यात बसून घोकायचा, हातात साबण धरून. त्याच्या राजकारणाचं पहिलं व्यासपीठ मी. हे इथल्या त्याच्या तसबिरीखाली लिहिलेलं नाही.

न्हाणीघराचं मतदान ठरलं तेव्हा त्याने माझ्यात बसून पहिलं भाषण तयार केलं. "गड्यांनो, दिवसभर आपण ओझं उचलतो आणि घरी आलो की आपल्या बायका उचलतात. माझ्या घरात एक मूल जन्मायच्या आधी त्या बादल्यांखाली गेलं. कोळसा मालकाचा आहे, तर त्याची घाणही त्याच्याच दारात धुऊ द्या."

टेगवेन बादली हातात धरून उभी होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. तो माझ्यात बसलेला असतानाच तिने ताटं वाढली, त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा पडला आणि हॉपकिनच्या ताटात लहान.

"तुकडा बघूनच सांगतो, भाषण चांगलं आहे," हॉपकिन म्हणाला. "पण मतं मिळणार नाहीत."

"का?"

"अरे, खाली काय बोलतात ऐकलंस का? गरम पाण्यातून निघून पावसात घरी चाललो तर छातीत कफ होईल, म्हणतात. दुसऱ्यांदेखत उघडं व्हायचं का, म्हणतात. तिथे साहेब पाठसुद्धा धुवायला लावेल, म्हणतात. आणि बायका दिवसभर घरी बसून काय करतील, हेही म्हणतात. न्हाणीघराच्या बाजूने बोललास तर तुला तुझं मत मिळेल. आणि माझं, तेही मी इथे जेवतो म्हणून."

"मी न्हाणीघराबद्दल बोलतोय, माझ्याबद्दल नाही."

"त्याच महिन्यात काट्याची निवडणूक आहे, गोमर."

काट्याची निवडणूक म्हणजे अशी. वर आलेला कोळसा मालकाचा माणूस तोलतो, मजुरी त्या वजनावर. त्याने काटा मारू नये म्हणून शेजारी कामगारांनी निवडलेला आपला माणूस उभा राहतो. त्याला खाणीत उतरावं लागत नाही, मालकाला भ्यावं लागत नाही. या खोऱ्यातले सगळे पुढारी त्या काट्यापासूनच वर चढले.

गोमर साबण चोळायचा थांबला. साबण त्याच्या हातातून निसटून माझ्या तळाशी गेला. वारा येईल तशी पाठ फिरवणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण बसल्या बसल्या, पाणी निवायच्या आत फिरलेली पाठ ती एकच.

मग तो पुन्हा बोलू लागला. "गड्यांनो, मालकाने आपला दिवस घेतला. घाम घेतला. आता अंघोळही त्याच्याच दारात करायची? माझ्या चुलीपुढे, माझ्या बायकोच्या हातून अंघोळ करणं हा माझा हक्क आहे. माझी पाठ मी कुणाच्या हुकमाने धूत नाही आणि कुणापुढे वाकवत नाही."

"हां, हे चालेल," हॉपकिन म्हणाला.

टेगवेनने पुन्हा उचललेली बादली खाली ठेवली. "गोमर, मगाशी तू वेगळं बोलत होतास."

"मगाशी मी विचार करत होतो."

"आणि आता?"

"आता मी निवडणूक लढवतोय." मग जरा नरमून म्हणाला, "वर्षाचा तर प्रश्न आहे, टेगवेन. एकदा काट्यापाशी उभा राहिलो की पुन्हा मत घ्यायला लावतो. तेव्हा माझं ऐकतील. तुझं न्हाणीघर तुला आणून देतो."

"वर्षाने?"

"वर्षाने."

सभेत त्या पाठीच्या वाक्याला लोकांनी बाकं बडवली म्हणतात. न्हाणीघर मतदानात सपशेल पडलं. गोमर काट्यावर निवडून आला आणि खोऱ्यात त्याचं नाव पडलं, ताठ पाठीचा गोमर.

आणि आता गंमत बघा. काट्यापाशी उभा राहणारा माणूस काळा होत नाही. गोमर संध्याकाळी कॉलर घालून घरी येऊ लागला. कोपऱ्यातल्या घंगाळात हात धुवायचा की जेवायला. चुलीपुढे अंघोळ करणं हा ज्याचा हक्क होता, तो माझ्यात बसेनासा झाला. हक्क हॉपकिन बजावायचा. बादल्या टेगवेन उचलायची.

वसंतात नेस्ता जन्मली. तिला पहिली अंघोळ माझ्यात घातली ती बोपा मार्गेडने. "बेननांच्या घरात पहिल्यांदाच कुणाची तरी पाठ धुतली जातेय," बोपा म्हणाली. नेस्ता माझ्या काठावर चमचा वाजवायची. मी पालथा असलो की माझ्यावर बसायची आणि हॉपकिनला "काळू काका" म्हणून चिडवायची. मला ती आवडायची. हे साधंच वाक्य आहे, पण खरं आहे.

वर्ष झालं. टेगवेनने आठवण करून दिली. गोमर म्हणाला, "आत्ताच कुठे लोक ऐकायला लागलेत." मग लढाई सुरू झाली आणि न्हाणीघराचं नाव काढणं म्हणजे देशद्रोहच झाला. बोपा मार्गेडच्या थोरल्या मुलाचा हात लहानपणी अशाच टबातल्या कढत पाण्याने पोळून आकसलेला होता. रांगेतल्या दुसऱ्या टोकाला एक पोर गेलंही होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे "देवाची इच्छा" म्हणायचे आणि पाणी तापवायचे.

त्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली. गोमर पुढच्या खोलीत संघटनेच्या माणसांबरोबर बसला होता. संघटनेचा एजंट, म्हणजे सगळ्या खोऱ्याच्या वतीने मालकांशी बोलणारा पगारी पुढारी, म्हातारा झाला होता, त्याच्या जागी कोण, याची बोलणी चाललेली. नेस्ता मध्ये मध्ये आत जात होती, म्हणून त्याने दार लावून घेतलं. टेगवेनने कढत बादल्या माझ्यात रिकाम्या केल्या. हॉपकिनची पाळी सुटली होती. ती विसण आणायला गेली, तर नळ गोठलेला. बायका किटलीने ऊन पाणी ओतून तो सोडवत होत्या. ती बादली तिथेच टाकून परत आली असती, तर थंड पाण्यावाचून आली असती. ती थांबली.

नेस्ता उलट्या पावलांनी चालायचा खेळ खेळत होती.

मी पत्रा आहे. मला कलता येतं, पण बाजूला होता येत नाही.

तिचा आवाज घरभर गेला. बंद दाराआडून गोमर ओरडला, "टेगवेन, पोरीला गप्प कर, इथे माणसं बसलीयेत."

तिला बाहेर काढलं ते हॉपकिनने. तो नुकताच दारात आला होता. त्याच्या हातांची काळी बोटं तिच्या परकरावर उमटली. ती रात्र तिने काढली. दुसरा दिवसही थोडा काढला.

चौकशीला आलेले साहेब मोठे सभ्य होते. त्यांनी टोपी काढून टेगवेनला विचारलं, "लहान मूल कढत पाण्यापाशी एकटं सोडून जाण्याला आपण काय म्हणाल?" तिने गोमरकडे पाहिलं. दार त्याने लावलं होतं, न्हाणीघर त्याने पाडलं होतं. एवढं एक वाक्य बोलायला तोंडपाटीलकी लागत नव्हती. सगळ्या खोऱ्याला रडवणाऱ्या त्या माणसाने आपल्या टोपीची कड बोटाने नीट केली. साहेबांनी लिहिलं, आईचा निष्काळजीपणा.

मला वाटलं, आता तरी मला फोडतील. कुऱ्हाड परसात होती. पण सोमवारी हॉपकिन काळा होऊन घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, मी नळावर धुतो."

"गोठून मरशील. बस."

"यात?"

"दुसरा टब नाही माझ्याकडे," टेगवेन म्हणाली, आणि कढत पाणी ओतून विसण आणायला गेली. त्या दिवशी हॉपकिन पाठ करून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. ते पाणी मी धरलं. पुढची कित्येक वर्षं धरलं.

एजंटाच्या निवडणुकीत कुणीतरी गोमरला टोमणा मारला, कॉलरवाल्याला खाणीचं दुःख काय कळणार म्हणून. गोमर म्हणाला, "ज्याने कोळशापायी आपली पोर पुरली, त्याला तू हे विचारतोस?" हॉपकिन सांगत होता, सभा अशी चिडीचूप झाली की बाहेरच्या घोड्याचा लगाम ऐकू आला. टोमणा मारणाऱ्याला लोकांनी धक्के मारून बाहेर काढलं.

त्या दिवशी गोमरला कळलं की हे चालतं.

मग मेलेली पोर भाषणांतून वाढू लागली. पहिल्या वर्षी ती एका वाक्याएवढी होती. एजंट झाल्यावर चार वाक्यांची झाली. पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा ती बोलायलाही लागली. "बाबा, तुम्ही न्हाणीघर आणाल ना?" असं म्हणून ती त्याच्या मांडीवर प्राण सोडायची. खरी नेस्ता शेवटी काही बोलली नाही. तिच्याने बोलवत नव्हतं. आणि मांडी बोपा मार्गेडची होती.

टेगवेनने त्याला एकदाच चुलीपुढे अडवलं. मी खिळ्यावर होतो, मागचं दार उघडं होतं, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"पोरीची गोष्ट सांगतोस ते सांग. माझी ना नाही," ती म्हणाली. "पण एकदा, लोकांदेखत, तू विरोधात बोलला होतास तेही सांग. मग लोक तुला दगड मारोत की मत देवोत. लोक म्हणतात, आईने पोर मारली. चॅपलमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही, गोमर."

"निवडणूक होऊ दे."

"मागच्या वेळी पण होऊ दे म्हणालास."

"अगं, मी पडलो तर न्हाणीघर कोण आणणार? तुला एका वाक्याची पडलीये, मला हजार घरांची काळजी आहे."

तो मोठ्या मतांनी निवडून आला. लंडनला गेला. तिथे म्हणे त्याच्या खोलीत पांढरा, पायवाला टब होता आणि दोन नळ, गरम आणि गार, शेजारी शेजारी. आठवड्याने, पंधरवड्याने घरी यायचा, बोलताना दर वेळी थोडा अधिक साहेब व्हायचा. सभागृहात त्याने न्हाणीघरांवर भाषण केलं ते पेपरात आलं. बोपा मार्गेडने वाचून दाखवलं आणि मध्येच थांबली. "हे तर त्याचं पहिलं भाषण," ती म्हणाली. "बादल्यांचं. तू मला सांगितलेलं."

"हो," टेगवेन म्हणाली. "ते चांगलंच होतं."

बोपा पुढच्या थंडीत गेली. टेगवेनच्या बाजूने बोलणारं तेवढंच एक तोंड होतं, तेही मिटलं.

शेवटी न्हाणीघर झालं. खाणमालकांवर कर बसला, त्या पैशांतून झालं. गोमरचा त्यात वाटा होता, हे मी नाकारत नाही. पांढऱ्या फरशा, रांगेने फवारे. आणि न्हाणीघराचा रखवालदार म्हणून हॉपकिनला जागा मिळाली. त्याच्या छातीत धूळ भरली होती, खाली उतरणं त्याला झेपत नव्हतं. जागा गोमरने लावून दिली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दोघे जण हातगाडी घेऊन आले. "साहेबांनी टब मागवलाय."

"कशाला?" टेगवेनने विचारलं.

"स्टेजवर ठेवायला."

तिने मला स्वतः खिळ्यावरून उतरवलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने आपली टोपी घातली आणि हातगाडीच्या मागोमाग चालत आली.

मला स्टेजच्या मधोमध ठेवलं, सूर्य थेट तळाशी. समोर अख्खं खोरं. गोमरने माझ्या काठावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी त्याचा हात लागला मला, मऊ झाला होता. "मित्रहो," तो म्हणाला, "याच टबात माझी नेस्ता गेली. त्या दिवसाच्या आधीपासून मी न्हाणीघरासाठी भांडत होतो. लोकांनी ऐकलं नाही. मी हरलो, आणि माझी पोर..."

पुरुषांनी टोप्या काढल्या. बायका रडू लागल्या.

पहिल्या रांगेत टेगवेन उठली. तिला भाषण येत नव्हतं, नेहमीच्या आवाजात बोलली. "गोमर, तू विरोधात बोललास. याच टबात बसून घोकलंस. मी बादली धरून उभी होते. एवढं सांग, मग खुशाल पुढे बोल."

मला समोरची तोंडं दिसत होती. तेव्हा ज्यांनी बाकं बडवली होती, ते चाळीस-पन्नास जण तिथेच बसले होते, केस पिकलेले. प्रत्येकाला ठाऊक होतं. पण गोमर खोटा ठरला तर तेही खोटे ठरणार होते. एकेकाला आपले बूट फार बघावेसे वाटू लागले.

"हॉपकिन, तू होतास ना तिथे?" टेगवेनने विचारलं. "तूच म्हणालास, हे चालेल."

हॉपकिनच्या अंगावर रखवालदाराचा नवा कोट होता, पितळी बटणांचा. तो खोकला. खूप वेळ खोकला. मग म्हणाला, "वहिनी, फार वर्षं झाली गं. मला नाही आठवत."

गोमर स्टेजवरून खाली उतरला. त्याने टेगवेनच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटतं खरेच आले होते. तोपर्यंत तो आपल्या गोष्टीवर विश्वास ठेवू लागला होता. "तिला दोष देऊ नका," तो म्हणाला. "त्या दिवशी पोरीला एकटं टाकून ती बाहेर गेली. आजवर तिने स्वतःला माफ केलेलं नाही. मी तिला केव्हाच माफ केलंय."

टाळ्या पडल्या. दोन बायकांनी टेगवेनला दोन्ही बाजूंनी धरून, "चला हं, चला," करत बाहेर नेलं. ती ओरडली नाही, हात झटकले नाहीत. पुढच्या निवडणुकीत गोमरला आधीपेक्षा जास्त मतं पडली.

मी मात्र घरी परत गेलो नाही. मला या हॉलमध्ये आणलं, आत-बाहेर चंदेरी रंग फासला, म्हाताऱ्या नवरदेवासारखा सजवला आणि पितळेची पाटी लावली. पाटीवर गोमरचं नाव मोठं आहे, नेस्ताचं त्याखाली.

गोमर पदावर असतानाच गेला. प्रेतयात्रेचं पुढचं टोक दफनभूमीत पोचलं तेव्हा मागचं अजून खाणीपाशी होतं. हॉपकिन त्यानंतर सहा महिन्यांत गेला. टेगवेनच्या हातात काही राहिलं नाही. हॉलच्या कमिटीने दया म्हणून तिला इथली झाडलोट दिली. खोऱ्यातली जुनी माणसं संपत आली, नवीन तिला "म्हातारी" म्हणतात. ती रोज मला पुसते. माझ्याशी बोलत नाही. तळापर्यंत हात घालून पुसते आणि पुढे जाते.

परवा दुसऱ्या खोऱ्यातली शाळा आली होती. बाई तरुण होत्या, खणखणीत बोलणाऱ्या. मुलांना दोरीपाशी उभं करून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. मांडी, "बाबा" आणि सगळंच.

एका मुलीने विचारलं, "मग तिची आई कुठे होती?"

"असेल कुठेतरी गप्पा मारत," बाई म्हणाल्या. "असतात काही बायका वेंधळ्या. म्हणून तर घरात लक्ष ठेवायचं असतं, काय?"

टेगवेन गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. तिने मान वर केली नाही. "विसण आणायला गेली होती," ती म्हणाली. "नळ गोठला होता."

बाईंनी वळून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत, आजी?"

टेगवेनने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं. मला वाटलं, आता सांगेल. इथे कुणाची निवडणूक नव्हती, कुणाची नोकरी जाणार नव्हती, ऐकायला नुसती पोरं होती.

"शेजारी राहायचे मी," ती म्हणाली, आणि बादली उचलून पुढच्या खुर्च्यांकडे गेली.

तर माझं एवढंच मागणं आहे. कमिटीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर मला भंगारवाल्याला देऊन टाका म्हणावं. फोडा, ठोका, कोंबड्यांना पाणी पाजायला न्या, काही करा. मी इथे चकाकत उभा आहे, तोवर ती शेजारीणच राहणार.